पाहुण्यांच्या तारखेवरून उलटी पेरणी: डोंगरखोऱ्यातली उन्हाळी परसबाग

निवृत्तीनंतर वाई, भोर, मुळशी, जावळी अशा डोंगरांनी वेढलेल्या भागात राहायला गेलेल्यांचा उन्हाळा दोनच गोष्टींत जातो: बाग जगवण्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करण्यात. दोन्ही कामं नेमकी एप्रिल-मेमध्ये अंगावर येतात, आणि त्याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. तरी बहुतेक घरांत या दोन्हींची सांगड कोणी घालत नाही. बी हाताशी येईल तेव्हा पेरलं जातं, पाहुणे सुट्टी मिळेल तसे येतात, आणि नातवंडं दारात उतरतात तेव्हा काकडीचा वेल नुकता मांडवाला लागलेला असतो, नाहीतर मेथी फुलावर येऊन कडवट झालेली असते. उन्हाळ्याची बाग मुलाबाळांच्या येण्याच्या तारखेवरून उलटी मोजून पेरावी, असं माझं अगदी ठाम मत आहे. पुढचं सगळं त्या एका मताभोवतीच आहे. मी पसरणी घाटाच्या पायथ्याकडे, कृष्णेच्या खोऱ्यात राहतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच आहेत. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कुठल्याही खोऱ्यात ती थोड्याफार फरकाने लागू पडतील.

आधी तारीख, मग बियाणं

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांना फोन करा. "या की उन्हाळ्यात" असं मोघम बोलू नका, तारीख विचारा. राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. केंद्रीय मंडळाच्या कित्येक शाळा मार्चमध्ये परीक्षा उरकतात आणि एप्रिलमध्येच पुढचं वर्ष सुरू करतात, म्हणून त्यांचं वेळापत्रक वेगळं विचारावं लागतं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर तिकडच्या शाळा मेअखेर ते जूनमध्ये सुटतात. ती मंडळी पोचतात तोवर इकडे पाऊस लागलेला असतो. त्यांच्यासाठी उन्हाळी वाफे राखून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाट्याला पावसाळी काकडी, भेंडी आणि अळू येणार, हे आधीच ठरवून टाका.

सुनेला विचारताना आणखी एक पथ्य पाळा. तिलाही माहेर आहे. तिचे माहेरचे दिवस आधी ठरू द्या आणि उरलेल्या दिवसांत आपले बसवा. लेक येणार असेल तर ती माहेरपणाला येते आहे, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. तिला पहाटे उठून बागेला पाणी घालायला लागणार नाही आणि ओट्यापाशी दिवसभर उभं राहावं लागणार नाही, अशी व्यवस्था तुम्हीच करायची. सगळे एकदम चार दिवस येण्यापेक्षा दोन तुकड्यांनी आठ-आठ दिवस आले तर पाणी, अंथरुणं आणि संडास-बाथरूम या तिन्हींवरचा ताण निम्म्याने कमी होतो. सगळ्यांची गाठ पडावी म्हणून मधले दोन दिवस सामाईक ठेवले की झालं.

उलटी मोजणी

समजा मंडळी ५ मेच्या सुमारास येणार आहेत. भेंडी आणि काकडीला पेरल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत ४५ ते ५० दिवस लागतात, गवारीला ५० ते ६०, दोडक्याला आणि कारल्याला ५५ ते ६०. म्हणजे दोडका-कारली मार्चच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, गवार त्याच आठवड्यात आणि भेंडी-काकडी १५ मार्चच्या आत मातीत जायला हवी. वांगी आणि मिरचीची रोपं लावल्यापासून दोन-सव्वादोन महिने घेतात. ती फेब्रुवारीतच लावलेली असली पाहिजेत, आणि रोपवाटिकेतून तयार रोपं आणणंच बरं. कलिंगडाला ८० ते ९० दिवस लागतात. ते हवं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नका. मी मात्र लहान बागेत कलिंगड लावत नाही. एक वेल फार जागा अडवतो, दोन-तीनच फळं देतो, आणि बाजारात ती स्वस्त मिळतात.

पालेभाज्यांची गोष्ट वेगळी. मेथी, तांदुळजा, माठ २५ ते ३० दिवसांत कापायला येतात, पालक ३० ते ३५ दिवसांत. या पाहुण्यांच्या आधी एक महिना पेरा आणि दहा दिवसांनी त्याच आकाराचा दुसरा वाफा पेरा, म्हणजे पहिला संपेल तेव्हा दुसरा हाताशी येईल. कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर येते. तिला दुपारची सावली हवीच.

खोऱ्यात एक अडचण असते, ती मैदानी भागातल्यांच्या ध्यानात येत नाही. पाचगणीचं पठार जवळजवळ १३०० मीटरवर, तर खाली वाईच्या आसपासचा भाग ७०० मीटरच्या थोडा वर. दुपारी वर हवा तीन-चार अंशांनी थंड असते. पण रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचून राहते. म्हणून फेब्रुवारीअखेरपर्यंत इथल्या पहाटा चांगल्याच गार असतात, आणि गार मातीत वेलवर्गीय बी दहा-बारा दिवस नुसतं पडून राहतं, कधी कुजतंही. यावर उपाय सोपा आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात उबेला ठेवा, आणि मोड दिसला की नारळाच्या करवंटीत किंवा कागदी पेल्यात लावा. पहिल्या जाड पानांनंतरची दोन खरी पानं आली की करवंटी फोडून मुळांच्या मातीसकट आळ्यात लावा. वेलांची मुळं दुखावली की ती रुसतात, म्हणून माती हलू द्यायची नाही. एप्रिलमध्येच कोणी येणार असेल तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अशी रोपं घरात करण्याला पर्याय नाही.

वाण निवडताना भेंडीत केवडा रोगाकडे (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) बघा. पांढरी माशी हा रोग पसरवते आणि उन्हाळ्यात तिचा जोर असतो. 'परभणी क्रांती' आणि 'अर्का अनामिका' हे वाण या रोगाला तोंड देणारे म्हणून ओळखले जातात. काकडीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'हिमांगी' आणि 'फुले शुभांगी' चांगले. हिमांगीची फळं पांढरट असतात आणि मुलांना आवडतात. गवारीत 'पुसा नवबहार' घ्या.

डोंगराची सावली मोजा

पंचायतीच्या नोंदीत जागा कितीही असो, खोऱ्यात तिला ऊन किती मिळतं हे शेजारचा डोंगर ठरवतो. पूर्वेला कडा असेल तर सूर्य उशिरा दिसतो, पश्चिमेला असेल तर साडेचार-पाचलाच सावली येते. एखाद्या रविवारी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता वाफ्याच्या चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून सावली कुठे येते ते बघा. फळभाज्यांना सहा तास ऊन हवं. पण उन्हाळ्यात दुपारी तीननंतरचं ऊन जितकं टळेल तितकं चांगलं, कारण त्या वेळी उतारावरून वर चढणारा वारा पानांतलं पाणी खेचून नेतो. पश्चिमेच्या डोंगराची लवकर येणारी सावली, जिला हिवाळ्यात आपण नावं ठेवतो, ती एप्रिलमध्ये वरदान ठरते. तशी सावली नसेल तर पालेभाज्यांच्या वाफ्यावर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. जाळी पिकाच्या वर किमान पाच फूट असावी, नाहीतर आत उकाडा कोंडतो.

वाफ्यांचं क्षेत्र मात्र आवरतं घ्या. पाहुण्यांच्या मोसमात २०० चौरस फूट पुरे. गुंठाभर लागवड पावसाळ्यात ठीक आहे. खणण्याचं काम गड्याकडून करून घ्या. साठीनंतर कुदळ मारण्यात काही शौर्य नाही. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काम करा, गुडघे दुखत असतील तर बुटकं स्टूल घेऊन बसा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात पाणी-मीठ किती घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

पाणी

इथे थोडं आकडेमोडीत शिरावं लागेल, कारण बाग आणि पाहुणे यांचं खरं भांडण पाण्यावरूनच होतं.

एप्रिल-मेच्या उन्हात भरलेल्या भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरला दिवसाला अंदाजे ५ ते ६ लिटर पाणी लागतं. २०० चौरस फूट म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. म्हणजे रोजचं शंभर लिटर, दोनशे लिटरचं अर्धं पिंप. दुसरीकडे सहा माणसं घरी आली की आंघोळ, कपडे, भांडी, संडास धरून रोजचा वापर सहज सहाशे लिटरने वाढतो. त्यापुढे बागेचे शंभर लिटर किरकोळच आहेत. पण टाकी रिकामी झाली की शिव्या बागेलाच बसतात.

तेव्हा टाकीच्या खर्चातून बाग बाजूला काढा. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत धरा आणि थेट आळ्यात ओता. ते कुठल्याही पिकाला चालतं. आंघोळीचं साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका, पण केळ, कर्दळ, अळू आणि नारळाला चालतं. मोरीच्या नळीला जाड पाइप जोडून ते पाणी केळीच्या आळ्याकडे वळवा. पाहुणे जितके जास्त तितकी केळ खूश.

उरलेल्या वाफ्यांसाठी दोन मार्ग. ठिबक असेल तर तासाला ४ लिटरचा ड्रिपर प्रत्येक वेलाला एक लावा आणि पहाटे अर्धा-पाऊण तास चालवा. ठिबक नसेल तर मडकं. ही पद्धत मला वेलांसाठी सगळ्यात जास्त आवडते. कुंभाराकडून पाच-सात लिटरचं साधं, रंग न दिलेलं, कच्चट भाजलेलं मडकं आणा. आळ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा. भोवती वीतभर अंतरावर चार बिया लावा. मडकं भरून तोंडावर झाकण किंवा चपटा दगड ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी झिरपत राहतं आणि माती वरून कोरडी दिसली तरी बोटभर खाली ओल असते. दोन-तीन दिवसांनी मडकं पुन्हा भरायचं. वेल मोठा झाल्यावर कधी बाजूची माती हळूच उकरून बघा. पांढऱ्या बारीक मुळ्यांनी मडक्याच्या अंगाला जाळं विणलेलं दिसतं. चार दिवस सगळे मिळून महाबळेश्वरला गेलात तरी मडक्याचे वेल तग धरतात. जाताना काठोकाठ भरून जा आणि शेजाऱ्याला एकदा बघायला सांगा.

कुठल्याही पद्धतीत आच्छादन सोडू नका. गव्हाचं काड, उसाचं पाचट किंवा झाडाखालचा वाळका पाला चार बोटं जाड पसरा. देठापासून दोन इंच मोकळं ठेवा, नाहीतर वाळवी आणि बुरशी लागते. पाणी पहाटे द्या. भर दुपारी कोमेजलेली पानं बघून धावू नका. वेल दुपारी माना टाकतातच आणि संध्याकाळी पुन्हा उभे राहतात. संध्याकाळीही माना पडलेल्याच असतील तर मात्र तहान खरी. मातीत बोट दोन पेरं घाला. लाडू वळल्यासारखी माती मुठीत धरून राहिली आणि टिचकीने फुटली, तर वाफसा आहे, आज पाणी नको.

मांडव, फुलं आणि किडी

मांडव एप्रिलच्या मध्याआधी पक्का करा. मेमध्ये दुपारनंतर ढग डोंगरावर चढतात आणि वळीव आला की आधी वारा येतो. उभे बांबू दोन फूट खोल गाडा आणि चार कोपऱ्यांना तिरके ताण द्या.

वेल फुलतोय पण फळ धरत नाही, ही नेहमीची तक्रार. फुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ असेल ते मादी फूल, नुसता देठ असेल ते नर. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. काकडी-कारल्याला हे सकाळी करायचं, दुधी-दोडक्याला संध्याकाळी, कारण त्यांची फुलं दिवस कलताना उमलतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे काम एकदा दाखवलं की ती रोज संध्याकाळी स्वतःहून दुधीखाली जाऊन उभी राहतात.

उन्हाळ्यात लाल कोळी भेंडी-वांग्याच्या पानांखाली जाळं करतो. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारला तरी बराच आटोक्यात येतो. काकडी-दोडक्याच्या फळमाशीला कामगंध सापळा (नर माश्यांना वासाने ओढून अडकवणारा) टांगा आणि डंख लागलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका. मुलं येता-जाता काकडी तोडून तिथेच खाणार, हे गृहीत धरून रासायनिक फवारणी पूर्ण टाळा. दोन-चार फळं किडली तरी चालतील.

माकडं ही खोऱ्यातली जुनी डोकेदुखी. वाफ्यांवर जाळी घाला आणि मुलांना अंगणात खाऊ हातात घेऊन फिरू देऊ नका. माकडांना हौसेने खायला घालणाऱ्या पाहुण्यांना गोड शब्दांत पण स्पष्ट सांगा, कारण ते गेल्यावर माकडं तुमच्याकडेच येणार असतात.

मंडळी यायच्या आधीच्या आठवड्यात

सगळ्यात आधी गवत. फेब्रुवारी ते मे डोंगरावर वणवे लागतात आणि वाऱ्याने खाली उतरतात. कुंपणाच्या बाहेरून दहा-पंधरा फूट रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी करा. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं ते याचसाठी. सुकं काड आणि आच्छादनाचा साठा घराच्या भिंतीला लावून ठेवू नका.

मग साप-विंचू. लाकडाचा ढीग, विटा, जुनी कौलं घरापासून लांब हलवा. मुलांना बूट झटकून घालायची आणि अंधारात बॅटरी घेऊन जायची सवय पहिल्याच दिवशी लावा. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना गंभीर ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे कितीतरी रुग्ण वाचले आहेत, पण वेळेवर दवाखान्यात पोचलं तरच. म्हणून मंत्र-तंत्र, चिरा देणं, आवळून बांधणं यात क्षण घालवू नका. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या रुग्णालयात असतं हे आधी विचारून घ्या आणि १०८ क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' अॅप फोनमध्ये घ्या. गडगडाट सुरू झाला की बागेतून सगळे घरात.

बाकी किरकोळ: घाटात मळमळणाऱ्यांसाठी आवळासुपारी आधीच कुरिअरने पाठवा. आंब्याची पेटी त्यांच्या येण्याच्या सहा-सात दिवस आधी कच्ची आणून पेंढ्यात अढी घाला.

कोणाला कुठलं काम

पहिले दोन दिवस कोणालाच काम सांगू नका. झोपू द्या. तिसऱ्या दिवसापासून मुलं आपणहून मागे येतात.

तोडणीचं काम मुलांचंच. भेंडी रोज किंवा एकाआड एक दिवस तोडावीच लागते, नाहीतर जून होते. तिची लव टोचते म्हणून हातात जुना मोजा द्या. काकडी पहाटे तोडायला लावा. पानांखाली हात घालून चाचपताना गारेगार काकडी हाताला लागते, आणि शोधण्यातच त्यांना खरी मजा येते. तोडलेल्या भाजीचं वजन करून भिंतीवरच्या कागदावर लिहायला एका मुलाला नेमा. पुढच्या वर्षीच्या पेरणीला ती नोंद तुमच्याच उपयोगी पडेल.

थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या मुलांना पेरल्यापासून खाण्यापर्यंतचं सगळं बघायला मिळावं अशी फार इच्छा असते. त्यासाठी समुद्रमेथी. उथळ घमेल्यात खाली शेणखत, वर तीन बोटं वाळू, दाट पेरलेली मेथी, रोज पाण्याचा शिपका. दहा-बारा दिवसांत बोटभर जुडी कापायला येते. आले त्याच दिवशी पेरलं तर निघायच्या आधी झुणक्यात पडते. मुक्काम आठवड्याचाच असेल तर मंडळींच्या चार दिवस आधी तुम्ही पेरून ठेवा आणि तसं मुलांना सांगा.

मोठ्या माणसांना बागेला जुंपू नका. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी वाळवणाचं काम आहे. जास्तीच्या मिरच्यांना चीर देऊन मेथी-धने-मिठाचा मसाला भरायचा आणि सांडगी मिरची म्हणून गच्चीवर वाळत घालायची. मावशी-आत्या-वहिनी एका सतरंजीवर बसल्या की दोन किलो मिरच्या गप्पांतच संपतात. प्रत्येकीने जाताना बरणी न्यायची.

अक्षय्य तृतीयेची आळी आणि निघताना लावायची हळद

अक्षय्य तृतीयेला आळी करून पावसाळी वेलांचं बी घालायची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. ती तिथी एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी येते. त्या वेळी घरात मुलं असतील तर प्रत्येकाला एक आळं नावानिशी द्या. फूटभर खोल खड्डा, दोन घमेली कुजलेलं शेणखत, मूठभर राख, वर माती आणि तीन-चार बिया. हे वेल पाऊस येईपर्यंत मडक्याच्या किंवा तांब्याच्या पाण्यावर जगतात आणि आषाढात मांडव भरतात.

निघायच्या आदल्या दिवशी हळद लावा. मे महिना लागवडीला योग्यच आहे. दोन-तीन डोळ्यांचा जाड गड्डा, दोन इंच खोल, वीतभर अंतरावर. वर पाला पसरा आणि वळीव पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडा. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पानं पातोळ्यांना पुरेशी रुंद होतात. कोणी पुण्या-मुंबईहून येणार असेल तर मुलांच्या घरी दहा-वीस पानं पाठवता येतात. पानं वाळून माना टाकतात ती जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा काढणी.

मंडळी गेल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, उन्हाळी वाफे मोकळे करा. त्याआधी भेंडी, दोडका आणि काकडी यांची प्रत्येकी दोन फळं बियाण्यासाठी झाडावर राखून ठेवलेली असावीत. पाकिटावर संकरित लिहिलेल्या वाणाचं बी राखू नका. पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. भेंडी आणि दोडका झाडावरच वाळू द्या. काकडी पूर्ण पिकून पिवळी-तांबूस झाली की कापून गर दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा. पहिला पाऊस लवकर आलाच तर शेंगा तोडून घरात टांगा. बी राखेत घोळून काचेच्या बाटलीत भरा, आणि बाटलीवर वाणाचं नाव लिहिताना खाली या वर्षी कोण कधी आलं होतं ती तारीखही लिहून ठेवा. फेब्रुवारीत फोन करताना ती बाटली समोर असू द्या.